पद्मिनीत जिप्सीचे इंजिन: कोल्हापुरातील एका घरगुती इंजिनबदलाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण 1980 च्या दशकात नोंदणी झालेल्या एका प्रीमियर पद्मिनीचे आहे. गाडीचे मालक कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लहानसे मशीनशॉप चालवतात आणि गाडी त्यांच्या वडिलांनी नवी घेतलेली आहे. ओळख पटू नये म्हणून नावे, वसाहत आणि गाडीचा क्रमांक दिलेला नाही.

जुलै 2021 मध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावरची 43 फुटांची धोक्याची पातळी बरीच मागे टाकली, तेव्हा पोर्चमध्ये उभी असलेली ही गाडी बॉनेटच्या वरपर्यंत पाण्यात गेली. पाणी ओसरल्यावर आधी घर, मग मशीनशॉप आणि सर्वांत शेवटी गाडी असा क्रम लागला. पूरग्रस्त घरात दुसरा क्रम लागणे अवघडच असते, परंतु त्यामुळे एअर क्लीनर आणि कार्ब्युरेटरच्या वाटेने सिलिंडरमध्ये शिरलेले गाळाचे पाणी काही महिने आतच राहिले. पाणी उतरताच स्पार्क प्लग काढून, इंजिन हाताने फिरवून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडले असते, तर पुढचे बरेचसे टळले असते. इंजिन उघडले तेव्हा दोन पिस्टन जागच्या जागी धरलेले होते, बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, गंजाचे खड्डे पडले होते आणि बेअरिंगांत गाळ बसला होता.

पद्मिनीचे मूळ इंजिन 1089 सीसीचे, 68 मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि 75 मिलिमीटर स्ट्रोकचे (पिस्टनची धाव), जुन्या पुशरॉड रचनेचे आणि सुमारे 40 अश्वशक्तीचे आहे. इटालियन फियाट 1100 मालिकेतील गाड्यांपासून आलेले हे यंत्र उद्यमनगरातील जुन्या मिस्त्रींच्या हाताखालून इतक्या वेळा गेले आहे की त्याच्या दुरुस्तीसाठी गावाबाहेर जाण्याची गरज पडत नाही. बोअरिंग, लायनर, होनिंग, क्रँक ग्राइंडिंग, व्हॉल्व्ह सीट, हेडचे फेसिंग ही सर्व कामे चालत जाण्याच्या अंतरात होतात. ज्या मिस्त्रींनी इंजिन उघडले त्यांनी पहिल्याच दिवशी चारही सिलिंडरला लायनर, म्हणजे आतून नव्या नळ्या, घातले तर ब्लॉक वाचेल, असे स्पष्ट सांगितले होते. म्हणजे हे इंजिन मेलेले नव्हते. पुढच्या सर्व निर्णयांचे मोजमाप या एका गोष्टीवर करावे लागते.

अडचण

मालकांची खरी तक्रार पुराच्या आधीपासूनची होती. गगनबावड्याचा घाट उतरून कोकणात जाणे हा या कुटुंबाचा नेहमीचा प्रवास आहे आणि परतीच्या चढावर, चार माणसे व सामान असताना, पद्मिनी तापत असे व दुसऱ्या गिअरमध्ये अडकून पडत असे. महामार्गावर चार गिअरांच्या गिअरबॉक्समुळे इंजिन सतत ओरडत असे. अभियांत्रिकीची पदविका घेतलेल्या मुलाचे म्हणणे असे पडले की लायनर घालण्यावर एवढा पैसा घालून हाती पुन्हा तेच 40 अश्वशक्तीचे इंजिन येणार असेल, तर त्याच पैशात नवीन पद्धतीचे, इंधन-इंजेक्शनचे इंजिन का बसवू नये. हाताशी लेथ, मिलिंग आणि वेल्डिंग असलेल्या माणसाला हा प्रश्न फार मोहात पाडणारा असतो.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय मूळ इंजिन पूर्ण बांधून घेण्याचा होता. तो सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी जोखमीचा होता, आणि नेमका त्याच कारणाने तो चर्चेत लवकर मागे पडला.

दुसरा पर्याय प्रीमियरच्याच 118 एनई या गाडीतील निस्सान ए12 इंजिनाचा होता. 1171 सीसी आणि सुमारे 52 अश्वशक्तीचे हे इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने बसणारे आणि मागच्या चाकांना ताकद देणारे असल्यामुळे पद्मिनीत बसवण्याच्या दृष्टीने सोयीचे मानले जाते. मात्र चांगल्या अवस्थेतले इंजिन व त्याचा गिअरबॉक्स मिळणे कठीण झाले आहे आणि शेवटी तेही कार्ब्युरेटरवरचे जुनेच इंजिन आहे, असा आक्षेप मुलाने घेतला.

तिसरा पर्याय मारुती जिप्सीच्या 1298 सीसीच्या, 16 व्हॉल्व्हच्या एमपीएफआय, म्हणजे इंधन-इंजेक्शनच्या, इंजिनाचा होता. त्याची ताकद सुमारे 80 अश्वशक्ती म्हणजे मूळच्या दुप्पट. बोअर 74 मिलिमीटर आणि स्ट्रोक 75.5 मिलिमीटर, म्हणजे स्ट्रोक पद्मिनीच्या जवळपास तेवढाच. ब्लॉक ॲल्युमिनियमचा असल्याने वजन बिडाच्या मूळ इंजिनापेक्षा कमी. शिवाय जिप्सीत ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या व मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी पेटी, गिअरबॉक्सपासून वेगळी, एका आखूड शाफ्टने जोडलेली असते. त्यामुळे ती बाजूला ठेवून पाच गिअरांचा गिअरबॉक्स थेट मागच्या ॲक्सलला जोडता येतो. लष्कराच्या लिलावांत निघालेल्या जिप्सींमुळे सुटे भागही मिळतात.

चौथा पर्याय मान्यताप्राप्त इलेक्ट्रिक कन्व्हर्जन किटचा होता. तो खर्च आणि घाटातील पल्ला या दोन कारणांनी नाकारला गेला. मूळ इंजिन बदलायचेच तर कायद्याच्या दृष्टीने सर्वांत मोकळी वाट तीच होती, पण त्या वेळी कायद्याच्या बाजूने कोणी पाहतच नव्हते.

तिसरा पर्याय निवडला गेला आणि भंगार व्यापाऱ्याकडून इंजिन, गिअरबॉक्स, वायरिंग हार्नेस व ईसीएम (इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक) असा पूर्ण संच घेण्यात आला. व्यापाऱ्याने दिलेल्या बिलावर ‘1300 इंजिन, गिअरबॉक्ससह’ एवढाच मजकूर होता. इंजिनाचा क्रमांक नव्हता, मूळ गाडीचा चेसिस क्रमांक नव्हता आणि लिलावाच्या कागदाची प्रतही नव्हती. वापरलेले इंजिन विकत घेणाऱ्याने हे तीन कागद मागून घ्यायलाच हवेत, कारण त्यांच्याशिवाय ते इंजिन चोरीच्या गाडीतले नाही हे सिद्ध करण्याचे कोणतेही साधन त्याच्या हाती राहत नाही.

प्रत्यक्ष काम

काम घराच्या आवारात, पत्र्याच्या शेडखाली झाले. इंजिन उचलण्यासाठी शेडच्या अँगलला चेन पुली टांगण्याचा पहिला विचार मिस्त्रींनी मोडून काढला आणि जाड पाइपाची स्वतंत्र घोडी बनवून घेतली. शेड पत्र्याच्या वजनासाठी उभी केलेली असते, हलत्या इंजिनाच्या झटक्यांसाठी नव्हे, हा त्यांचा मुद्दा घरी असे काम करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात घेण्यासारखा आहे.

इंजिन बसवणे हे सर्वांत सोपे काम ठरले. पद्मिनीला वेगळी चेसिस नाही, बॉडीच भार घेते. म्हणून इंजिनाचे माउंटिंग पुढच्या क्रॉसमेंबरवर, म्हणजे आडव्या तुळईवर, आणि गिअरबॉक्सचे माउंटिंग बॉडीच्या खालच्या मेंबरांना बोल्ट केलेल्या नव्या पट्टीवर घेण्यात आले. अडचण ऑइल चेंबरची आली. जिप्सीचा चेंबर आणि पद्मिनीचा क्रॉसमेंबर एकमेकांच्या जागेत येत होते. इंजिन वर उचलावे तर बॉनेट बसत नव्हते, मागे घ्यावे तर इंजिन आणि बसण्याची जागा यांमधली फायरवॉल आडवी येत होती. शेवटी चेंबर कापून, त्याचा खोल भाग सरकवून पुन्हा वेल्ड केला गेला आणि त्यासोबत तेल ओढणाऱ्या जाळीची नळीही बदलावी लागली. जाळी आणि चेंबरचा तळ यांतले अंतर जिप्सीच्या न कापलेल्या चेंबरमध्ये होते तेवढेच ठेवण्याची काळजी मालकांनी स्वतः घेतली, कारण ते वाढले तर चढावर पंप हवा ओढतो आणि कमी झाले तर तेलाची वाट आवळली जाते.

खरी परीक्षा गिअरबॉक्सच्या मागे सुरू झाली. पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर असतो, जिप्सीचा जमिनीतून वर येतो, त्यामुळे बॉडीच्या मधल्या उंचवट्यात भोक पाडणे भाग होते. ते भोक एका दुपारी, फारशी चर्चा न होता पाडले गेले. या संपूर्ण कामात परत न फिरवता येणारा पहिला निर्णय तो होता.

त्यानंतर गिअरबॉक्सची ताकद मागच्या ॲक्सलपर्यंत नेणारा प्रोपेलर शाफ्ट. एका टोकाला जिप्सीचा फ्लँज आणि दुसऱ्या टोकाला पद्मिनीच्या डिफरन्शियलचा फ्लँज असलेला नवा शाफ्ट उद्यमनगरातच बनला आणि बॅलन्सही झाला, तरी ताशी 60 किलोमीटरच्या पुढे बॉडी थरथरू लागली. दोष शाफ्टचा नव्हता. नवे इंजिन हलके असल्याने गाडीचे नाक थोडे वर आले होते आणि चेंबरला जागा मिळावी म्हणून इंजिनाचा पुढचा भाग किंचित उचलला होता, त्यामुळे गिअरबॉक्सची बाहेर येणारी रेषा आणि डिफरन्शियलच्या पिनियनची रेषा समांतर राहिल्या नव्हत्या. शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या क्रॉसचे (वळणाऱ्या सांध्यांचे) कोन सारखे नसले, तर एका क्रॉसने निर्माण केलेला वेगातला चढउतार दुसरा क्रॉस भरून काढत नाही आणि तो कंप म्हणून जाणवतो. गिअरबॉक्सच्या माउंटिंगखाली पट्ट्या घालून कोन जुळवल्यावर थरथर गेली.

ट्रान्सफर केस काढल्याचे दोन परिणाम मात्र कोणी आधी विचारात घेतले नव्हते. पहिला स्पीडोमीटरचा. जिप्सीत स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्सवर नसून ट्रान्सफर केसवर असते, म्हणून ती काढताच वेग दाखवण्याची सोयच उरली नाही आणि शाफ्टच्या फ्लँजवर सेन्सर बसवून वेगळी व्यवस्था करावी लागली. दुसरा परिणाम गिअरांच्या गुणोत्तराचा. जिप्सीची ट्रान्सफर केस नेहमीच्या हाय रेंजमध्येही 1.409 पट वेग उतरवते आणि मागचा ॲक्सल 3.909 चा असतो, म्हणजे दोन्ही मिळून सुमारे 5.5. पद्मिनीचा ॲक्सल एकटा तेवढा वेग उतरवत नाही. पद्मिनीची चाके जिप्सीपेक्षा लहान असल्याने काही फरक भरून निघतो, पण सगळा नाही. म्हणून सपाट रस्त्यावर पाचव्या गिअरमध्ये गाडी शांत धावेल, पण तीव्र चढावर थांबून पुन्हा उचलताना क्लचवर जास्त ताण येईल, हे कागदावरच दिसत होते. ज्या घाटासाठी हा खटाटोप चालला होता, त्या घाटातच नव्या जोडणीचा हा कमकुवतपणा उघड होणार होता. हे गणित दहा मिनिटांचे आहे आणि ते खरेदीच्या आधी व्हायला हवे होते.

इंधनाची बाजू तुलनेने सरळ गेली. कार्ब्युरेटरला पुरणारा जुना यांत्रिक पंप इंजेक्शनला चालत नाही. तेथे सुमारे 3 बार दाब देणारा विजेचा पंप, त्या दाबाच्या नळ्या आणि टाकीकडे परतीची लाइन लागते. वायरिंग पुराने तसेही खराब झाले असल्याने पूर्ण नवे घातले गेले.

ब्रेक हा दुसरा निर्णायक मुद्दा होता. गाडीला चारही चाकांना ड्रम होते. शाफ्टचे काम करणारे लेथवरचे वृद्ध मिस्त्री गाडीखालून बाहेर येत मालकांना म्हणाले, ‘दादा, इंजिन बसंल, पर गाडी थांबंल का त्ये बगा आदी.’ त्यांचे म्हणणे हिशेबात मांडले तर असे होते की तेवढ्याच वजनाची गाडी ताशी 80 ऐवजी 100 किलोमीटर वेगाने धावू लागली, तर थांबवताना ब्रेकला दीडपटीहून अधिक ऊर्जा उष्णतेच्या रूपात घ्यावी लागते. ताकद दुप्पट करून ब्रेक जुनेच ठेवणे म्हणजे पन्हाळ्याच्या उतारावर ड्रम तापून पेडल सैल पडण्याची व्यवस्था करणे. पुढच्या चाकांना डिस्क बसवायची तर हब, कॅलिपरचे ब्रॅकेट, मास्टर सिलिंडर आणि व्हॅक्यूम बूस्टर असे सर्व बदलावे लागणार होते. मालकांनी येथे काम थांबवले. इंजिन तोपर्यंत उत्तम चालत होते.

कागदपत्रांचा प्रश्न

गाडीच्या नोंदणीचे नूतनीकरण जवळ आले होते. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करून घ्यावी लागते आणि त्या पासिंगच्या वेळी चेसिस व इंजिन क्रमांक तपासले जातात. मालकांची समजूत अशी होती की इंजिन बदलल्याची नोंद आरसी बुकात करून मिळते. ती समजूत हवेतली नव्हती. एके काळी कितीतरी फियाट आणि ॲम्बॅसेडर गाड्यांना डिझेल इंजिने बसली होती आणि त्या रस्त्यावर फिरत होत्या. परंतु परिवहन कार्यालयात विचारणा केल्यावर मिळालेले उत्तर वेगळे होते. त्याच मॉडेलचे, त्याच प्रकारचे इंजिन बदलले तर त्याच्या क्रमांकाची नोंद होऊ शकते. दुसऱ्या कंपनीचे, वेगळ्या क्षमतेचे इंजिन नोंदवता येणार नाही.

या उत्तरामागे मोटार वाहन अधिनियम 1988 चे कलम 52 आहे. निर्मात्याने ठरवलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाने करू नये, असे ते सांगते. जानेवारी 2019 मध्ये केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. इंधनाचा प्रकार बदलणारी मान्यताप्राप्त किट, म्हणजे सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरी, यांच्यासाठी कलमातच वाट आहे. पेट्रोलच्या जागी पेट्रोलचेच, पण दुसऱ्याचे इंजिन बसवणाऱ्यासाठी ती वाट नाही. नव्या इंजिनाचा धूर कमी आहे हा मालकांचा युक्तिवाद खरा असूनही म्हणूनच निरुपयोगी ठरला. 2019 च्या दुरुस्तीनंतरच्या कलम 182अ प्रमाणे परवानगी नसलेल्या अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही होऊ शकतात.

विम्याची बाजू आणखी बारकाईने पाहण्यासारखी आहे. तृतीय पक्ष विम्याचा हप्ता इंजिनाच्या क्षमतेच्या गटावर ठरतो आणि 1089 व 1298 सीसी दोन्ही 1000 ते 1500 च्या एकाच गटात येतात. म्हणून हप्त्यात फरक पडणार नाही, एवढ्यावरून काही हितचिंतकांनी ‘काही होत नाही’ असा सल्ला दिला. पॉलिसीवर इंजिन क्रमांकही लिहिलेला असतो आणि अपघातानंतर सर्वेक्षक तो वाचतो, हे त्या सल्ल्यात धरलेले नव्हते.

निर्णय आणि परिणाम

या टप्प्यावर तीन मार्ग उरले होते. आहे तशी गाडी चालवणे, नोंदणी सोडून ती फक्त खासगी जागेत ठेवणे, किंवा मूळ इंजिन परत बसवणे. मुलाचा कल पहिल्या मार्गाकडे होता. निर्णय फिरवला तो 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत आलेल्या व्हिंटेज वाहनांच्या तरतुदीने. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षे पूर्ण झालेली, मूळ रूपात राखलेली आणि चेसिस, बॉडी शेल वा इंजिनात मोठा फेरफार न झालेली खासगी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. वडिलांची गाडी येत्या दशकात त्या वयाची होईल, हे मालकांच्या ध्यानात आले आणि त्यांनी जिप्सीचे इंजिन उतरवले.

मूळ ब्लॉकला चार लायनर बसले, क्रँक ग्राइंड झाला, हेडचे फेसिंग झाले. तापण्याच्या जुन्या तक्रारीवर नवा रेडिएटर कोअर आणि धुऊन मोकळे केलेले वॉटर जॅकेट एवढ्याने बराच उतार पडला. इतकी वर्षे इंजिनाच्या माथी मारलेला दोष पुष्कळसा साचलेल्या क्षाराचा होता. नवे वायरिंग तसेच राहिले. ड्रम टर्न करून नवे लायनिंग बसवले. गाडी मूळ क्रमांकावर पास झाली. गगनबावड्याचा चढ ती आजही दुसऱ्या गिअरमध्येच चढते, मात्र वाटेत थांबावे लागत नाही. जिप्सीचा संच विकायला काढला तेव्हा गिऱ्हाइकाने पहिली मागणी इंजिनाच्या कागदांची केली आणि ते नसल्याने किंमत निम्म्याहून खाली आली.

वेगळे काय करता आले असते

माझ्या मते येथे तंत्राची चूक फारशी नाही. घरच्या आवारात झालेले हे काम अनेक गॅरेजांपेक्षा नेटके होते. गफलत क्रमाची आहे. आधी इंजिन आले, मग त्याला जागा शोधली गेली, मग गिअरचे गणित, मग ब्रेक आणि सर्वांत शेवटी परिवहन कार्यालय. हाच क्रम उलटा असता, तर कार्यालयातील पहिल्याच उत्तरावर विषय संपला असता किंवा इलेक्ट्रिक किटच्या पर्यायाला त्याचे योग्य वजन मिळाले असते. जुन्या गाडीची मूळ तक्रार नेमकी कशामुळे आहे हे तपासायला कूलंट काढून रेडिएटर उलटा धुण्याइतकाच वेळ लागला असता, तोही दिला गेला नाही.

मुलाचे मत अजून वेगळे आहे. खासगी जागेत चालवण्यासाठी नोंदणी नसलेली दुसरी पद्मिनी घेऊन, डिस्क ब्रेकसह हे काम पूर्ण करायला हवे होते, असे तो म्हणतो. शिकण्याच्या दृष्टीने पाहिले तर त्याचे म्हणणे खोडून काढता येत नाही. त्यासाठी वडिलांची गाडी कापण्याची गरज नव्हती, हे मात्र त्याच म्हणण्यातून निघते. माउंटिंगच्या पट्ट्या बोल्टच्या असल्याने सुटल्या. गिअर लिव्हरसाठी पाडलेले भोक पत्रा लावून वेल्ड केले आहे, वरून गालिच्याखाली ते दिसत नाही, पण गाडी जॅकवर घेतली की खालून वेल्डची रेघ दिसते, आणि व्हिंटेज नोंदणीच्या तपासणीत बॉडी शेलमधील फेरफार म्हणून तिची गणना होईल की नाही, हे त्या वेळच्या तपासणाऱ्यावर अवलंबून राहील.